बांडी व्यायच्या आत

बांडीच्या करडाचा एकच पाय बाहेर आला होता आणि माझ्या पुस्तकातली गिरजा अजून दुधना नदीच्या पाण्यात कमरेइतकी उभी होती.

बांडी म्हणजे माझी शेळी. अंगानं काळी, पाठीवर पांढरा पट्टा. दुपारच्या उन्हात गोठ्याच्या पत्र्याखाली ती आडवी पडली होती आणि कळ आली की मान ताणून ओरडत होती. माझे गुडघे वाकत नाहीत, म्हणून मी पालथ्या घमेल्यावर बसले होते. माझी थोरली जाऊ कोंडाबाई बांडीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिला मी बाई म्हणते.

“वढू नको, शेवंते.”

“कोण वढायलंय?”

“पुस्तक झालं का?”

मी तिच्याकडं बघितलं. “तुला आत्ता पुस्तक सुचायलं?”

“ठरलं ते ठरलं. पाय भाईर आला म्हंजी निम्मी व्याली.”

ठरलं होतं ते असं. बांडी व्यायच्या आत माझं पुस्तक पुरं झालं नाही, तर तिला होईल ती पाट, म्हणजे मादी करडू, कोंडाबाईची. माझ्या हिशोबानं बांडी व्यायला अजून तीन आठवडे होते. शेवटचं प्रकरण मी त्या तीन आठवड्यांत बसवलं होतं. बांडीनं ते मानलं नाही.

शेळीचा आणि पुस्तकाचा काय संबंध ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, दिवाळीच्या अंकात म्हातारी शेळीचं बाळंतपण घेऊन बसली.

मी पुस्तकं लिहिते. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढची शाळा गावात नव्हती, आणि असती तरी मला कुणी पाठवलं नसतं. शेळ्या कोण राखणार होतं? आमचं गाव देवगाव फाट्यापासून आत आहे. खुरपणीला गेले की बायांना मी गोष्टी सांगायचे. गोष्ट चांगली असली की हातातली पात, म्हणजे खुरपायची पट्टी, लवकर सरते, म्हणून शेतमालकही गप्प बसायचा. पुढं गुडघे गेले, खुरपं सुटलं आणि गोष्टी तोंडात तशाच राहिल्या. त्या मी वहीत उतरवायला लागले. सेलूला एक छापखानेवाला आहे, तो छापून देतो. म्हणजे मीच लिहायचं, मीच छापून घ्यायचं आणि मीच पिशवीत भरून फाट्यावर विकायचं. अशा माणसाला हल्ली स्वतंत्र लेखक म्हणतात, असं या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं. स्वतंत्र म्हणजे काय, तर ज्याला कुणी विचारत नाही तो.

हीच या धंद्यातली खरी अडचण. ज्वारी पेरली तर पाखरं तरी वाट बघतात. माझ्या पुस्तकाची वाट कुणी बघत नाही. मी उद्या लिहिलं काय आणि पुढच्या साली लिहिलं काय, जगाचं एक भांडं इकडचं तिकडं होत नाही. त्यामुळं तारीख आपली आपणच ठरवावी लागते. आणि आपण ठरवलेली तारीख किती पाळायची हे आपल्याला चांगलं ठाऊक असतं.

पहिल्या पुस्तकाला मी दिवाळी धरली. दिवाळी आली, करंज्या केल्या आणि तारीख संक्रांतीवर ढकलली. संक्रांतीला तिळगूळ वाटला आणि पाडवा धरला. पाडव्याला वाटलं, एवढ्या उन्हाचं कोण लिहितं? स्वतःला दिलेला शब्द मोडायला काही लागत नाही. माफी मागायची तीही आपल्यालाच, आणि ती लगेच मिळते.

मग चहा सोडला. पुस्तक होईपर्यंत चहाला शिवायचं नाही, असा नेम धरला. चार दिवसांनी डोकं दुखायला लागलं म्हणून आलं आणि गवती चहा घालून काढा सुरू केला. पुढं त्यात साखर आली. मग दूध आलं. एके दिवशी पत्तीही पडली. कोंडाबाई पातेल्यात डोकावली.

“काय प्यायलीस?”

“काढा.”

“मलाबी दे घोटभर. लय दिसात असा वासाचा काढा न्हाई पिले.”

कोंडाबाईला वाचता येत नाही. पण माझं प्रत्येक पुस्तक तिनं माझ्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि एकालाही तिनं बरं म्हटलेलं नाही. माझे मालक होते तेव्हा त्यांना वाचता येत होतं, त्यांनी एकही वाचलं नाही. दोघांत कोण बरं, याचा मी अजून निकाल लावलेला नाही.

शेळीची युक्ती मला सुचली नाही, ती घडली. तेव्हा माझ्याकडं बांडीची आई होती. ती बोकडाकडून फळून आली, त्याच दिवशी मी एक नवीन गोष्ट सुरू केली होती. शेळी पाच महिन्यांनी विते. त्यात फार तर आठवड्याचा फरक, जास्त नाही. गोष्ट लिहीत मी गोठ्यातच बसायचे, कारण घरात सून टीव्ही लावते. समोर शेळीचं पोट दिसायचं. आज एवढं, उद्या एवढं. माझ्या मनात आलं, ही बया एक दिवस थांबत नाही, कुणाला सांगत नाही, सण आला म्हणून पुढं ढकलत नाही, आणि आपण? त्या साली शेळी व्याली आणि दोनच दिवस आधी माझं पुस्तक पुरं झालं होतं. तोवर अर्ध्यात सोडलेल्या गोष्टींनी एक पेटी भरली होती. त्या बिनशेळीच्या वर्षांचं मला अजून वाईट वाटतं. दुसरं कशाचं फारसं वाटत नाही.

तेव्हापासून माझं काम असं चालतं. शेळी फळली की पहिली ओळ. दुसऱ्या महिन्यात सगळी माणसं गोष्टीत येऊन गेली पाहिजेत. तिसऱ्यात भांडण लागलं पाहिजे. कास भरायला लागली की नवीन माणूस आणायचं नाही, आहेत त्यांचंच निस्तरायचं. व्यायच्या आत शेवट. शेळीला समजावता येत नाही, हा तिचा मोठा गुण. माणसाला तारीख मागितली की ते म्हणतं, सावकाश होऊ द्या. शेळी असलं काही म्हणत नाही.

गावाला ही गोष्ट कळायला वेळ लागला नाही. आता पाण्याला जाता-येता बाया विचारतात, “शेवंताकाकू, कितवा चाललाय?”

“चौथा.”

“तब्येत बरी हाय नं पुस्तकाची?”

“डोहाळे लागलेत. तुझ्या सासूला गोष्टीत घ्यावं म्हणायलंय.”

एवढं ऐकलं की ती बाई घागर उचलून चालायला लागते.

युक्ती दर वेळी सरळ लागते असं नाही. एका साली शेळीचं पोट चांगलं गरगरीत आलं, मी रात्रंदिवस घासून पुस्तक वेळेत पुरं केलं, आणि शेळी व्यालीच नाही. पोटात वारा होता. पुस्तक खरं आणि शेळी खोटी. लोक अजून त्या पुस्तकाला वाऱ्याचं पुस्तक म्हणतात. आणखी एका साली शेळीनं तारखेच्या पुढं आठवडा घेतला. मला वाटलं, आयता आठवडा मिळाला, शेवट जरा नीट करू. नीट करता करता चांगला झालेला शेवट मी असा बिघडवला की छापखानेवाल्यानं विचारलं, “आजी, शेवटचं प्रकरण दुसऱ्या कुणी लिवलं का?” जास्तीचा वेळ हा जास्तीच्या मिठासारखा असतो, हे मी त्या साली शिकले.

छापखान्याचंही थोडं सांगते. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घडीत छापतात, त्याला फर्मा म्हणतात. तुमची गोष्ट मध्येच संपली तर उरलेली पानं कोरी जातात. माझ्या एका पुस्तकाची चार पानं अशी उरली. छापखानेवाला म्हणाला, काहीतरी द्या, कोरं बरं दिसत नाही. मी शेळीच्या पोटफुगीवरचे उपाय लिहून दिले. ते पुस्तक सगळ्यात जास्त खपलं. येलदरीच्या धरणावर मासे धरणारा एक माणूस फाट्यावर भेटला, म्हणाला, “मावशी, तुमचं पुस्तक लय कामाचं. म्हातारीची शेळी वाचली.” मी विचारलं, गोष्ट कशी वाटली? तो म्हणाला, “त्यात गोष्टबी हाय का?”

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायला बसले तर अंक पुरणार नाही. एक गृहस्थ फाट्यावर पुस्तक हातात घेऊन चाळायला लागले. एसटी उशिरा होती. ते उभ्याउभ्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गेले, पुस्तक मिटलं, माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाले, “बरं आहे.” तेव्हापासून मी पुस्तक एसटीच्या उशिरापेक्षा लांब ठेवते. पूर्णा जंक्शनवर एक बाई भेटली, तिनं माझं सासवांवरचं पुस्तक सुनेला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. पुढच्या खेपेला तिची सून भेटली. म्हणाली, “काकू, आता सुनांवर लिवा. सासूबाईंनाबी वाचून दाखवायचंय.”

आणि एक दाढीवाला म्हातारा आहे, दर बाजारच्या दिवशी फाट्यावर येतो. तो पुस्तक हातात घेत नाही, नाव विचारत नाही. एवढंच विचारतो, “रडू येतं का?” येतं म्हटलं तर घेतो. त्याच्यामुळं माझ्या प्रत्येक पुस्तकात शेवटी कुणीतरी मरायला लागलं. एकात बैल मेला, एकात सासरा, एकात दोघं मेले. म्हातारा खूश होता.

आता बांडीकडं येते. ती बिचारी तिकडं कळा देत पडलीय.

गुडघ्यांमुळं मला एकीपेक्षा जास्त शेळ्या सांभाळवत नाहीत. बाकीच्या विकल्या, बांडी ठेवली. तीही आता म्हातारी. हे तिचं शेवटचं वेत, हे मलाही कळत होतं. पोरगा म्हणाला, दुसरी आणू बाजारातून. मी नको म्हणाले. बाजारच्या शेळीचं मी ऐकणार नाही, हे मला माहीत आहे. ज्या शेळीपासून मी पुस्तकं पुरी करायला शिकले तिच्याच वंशातली शेळी पाहिजे. म्हणून मला बांडीची पाट हवी होती. पाट राहिली तर पुढची तारीख राहिली. पाट नाही आणि बांडीही गेली, तर मी पुन्हा दिवाळी-संक्रांत करत बसणार आणि पेटी भरत जाणार.

आणि अशी पाट मी कोंडाबाईशी पैजेला लावली. कामून, तर बाईनं डिवचलं. गिरजाची गोष्ट मी तिला रोज ऐकवत होते. गिरजा ही मेंढपाळाची बायको. दुधनेला पाणी चढत असताना एक कोकरू राहिलं म्हणून ती माघारी नदीत उतरते. तिथं माझं गाडं थांबलं. तिला बुडवायची हे ठरलं होतं, दाढीवाला म्हातारा वाट बघत होता. पण बुडवणं काही होत नव्हतं. रोज संध्याकाळी कोंडाबाई यायची.

“निघाली का भाईर?”

“न्हाई अजून.”

“किती दिस उभी करतीस तिला पाण्यात? पाय सडले असतील तिचे.”

“होईल बांडी व्यायच्या आत.”

“न्हाई होत.”

“होतंय.”

“मग पाट लाव.”

लावली.

आता तारखेची भानगड. कोंडाबाईकडं एक बोकड आहे. एक शिंग मोडलेलं, कपाळावर पांढरा टिक्का आणि नजर वाईट. माझ्या बांडीला मी त्याच्याकडं दिलं नाही. शेजारच्या गावात चांगला उंचापुरा बोकड होता, तिथं घेऊन गेले. शेळी दर तीन आठवड्यांनी माजावर येते, आणि त्या दिवशी बांडी सकाळपासून ओरडत होती, म्हणून मी समजले, आली. तिथं गेल्यावर ती बोकडाला उभीच राहीना. मला वाटलं, म्हातारपणी लाजायलीय. बोकडवाला म्हणाला, “झालं काकू, घेऊन जा.” मी घेऊन आले आणि त्याच दिवशी गिरजाची पहिली ओळ लिहिली. जन्म शेळ्यांत गेला आणि शेळी लाजते असं मला वाटलं! पुस्तकं लिहिल्यानं डोक्यावर परिणाम होतो तो असा.

तर ती दुपार. एक पाय बाहेर, मागोमाग नाकाचं टोक दिसत होतं, पुढं काही सरकत नव्हतं. मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या दुसऱ्या गावात एका गाईजवळ अडकल्या होत्या. म्हणाल्या, “मावशी, ओढू नका. कळ थांबली की करडू हलकेच आत ढकला, दुमडलेला पाय शोधा, खूर तळहातात झाका आणि मग पुढं आणा. मी होईल तेवढ्या लवकर येते.”

बांगड्या काढल्या, हात साबणानं धुतले, तेल लावलं. कोंडाबाईनं बांडीला धरलं. आत हात घातल्यावर कळ आली की हाताची हाडं मोडतील असं वाटतं. दुमडलेला पाय सापडला, सुटला, परत सापडला.

“हाय का?”

“हाय. बोलू नको.”

“म्या काय बोलायले? तूच बोलायलीस.”

पाय पुढं आला आणि करडू बाहेर पडलं. बोकड होता, चांगला मोठा. हलला नाही. कोंडाबाईनं त्याचं नाक पुसलं, मागचे पाय धरून झुलवलं, नाकात काडी घातली, पाठ चोळली. पुन्हा चोळली. ती थांबेना.

“ऱ्हाऊ दे, बाई,” मी म्हणाले. “गेलं ते.”

तिनं ते पोत्याखाली झाकलं.

बांडी मान टाकून पडली होती. डोळे अर्धे मिटलेले. तिच्या कुशीवर हात ठेवला तर आत अजून एक हललं. दुसरं यायला वेळ लागला, पण आलं ते सरळ, मागच्या पायांनी, मासोळीसारखं सुटून. पाट होती. पडल्या पडल्या शिंकली. कोंडाबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं, आणि कपाळावर पांढरा टिक्का दिसला.

मी टिक्क्याकडं बघितलं. मग कोंडाबाईकडं.

“बाई, हे कुणाचं?”

“तुला काय दिसायलंय?”

“तुझ्या बोकडाचं?”

“फळली ती तू न्हेलीस त्याच्या आधल्या माजाला, बांधावर. आमच्या बोकडाला काय म्हाईत तू लेखिका हायस ते.”

“म्हंजे तुला तारीख म्हाईत होती?”

“व्हय.”

“मग सांगितली कामून न्हाईस?”

“तूच म्हणतीस नं, लेखकानं तारीख सोता ठरवावी म्हणून? म्या कशाला मधी पडू?”

मी पाटीला तिच्याकडं सरकवलं.

“बरं,” मी म्हणाले. “मी हरले. पाट तुझी.”

“कशी हरलीस? वार कुठं पडली?”

शेळी व्याल्यावर मागून वार, म्हणजे गर्भाची पिशवी, पडते. ती पडेपर्यंत आमच्याकडं शेळी व्याली असं म्हणत नाहीत. दूध काढत नाहीत, कुणाला सांगायला जात नाहीत. हे मला माहीत नव्हतं असं नाही, तरी मी हार कबूल केली होती. बोलली ती कोंडाबाई.

“वार पडल्याबिगर व्याली न्हाई. वही आण.”

“हाताला काय लागलंय बघ.”

“धू. आन लिव.”

मी हात धुतले, वही आणली, पालथ्या घमेल्यावर बसले. कोंडाबाईनं पाटीला बांडीच्या कासेला लावलं. बांडी उभी राहिली नाही, पडल्या पडल्या पाजत होती. गूळपाणी दिलं तर तोंड फिरवलं.

आता हे बघा. वार पडत नाही तोवर पाट माझी होती. आणि वार पडली नाही तर बांडी जाणार होती. अडकलेली वार आत सडते, शेळी अंगानं तापते आणि जाते. म्हातारी असली तर लवकर जाते. एक ओळ लिहायची आणि बांडीच्या मागं बघायचं. नाही पडली. बरं वाटायचं आणि लगेच वाईट वाटायचं. एवढी पुस्तकं लिहिली, पण मुदत लवकर संपावी असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

गिरजाला बुडवायला मी वही उघडली होती. दोन ओळींचं काम. पाणी आलं, गेली. पैज जिंकले असते. पण समोर पोत्याखाली ते करडू होतं, आणि पोत्याबाहेर त्याचे खूर दिसत होते. एका दिवसाला एक मेलेलं पुरे, असं मला वाटलं. मी गिरजाला काठाकडं चालवायला लागले.

इथं मी फसले. माणूस मारायला गोष्टीत काही लागत नाही, वाचवायला पानं लागतात. आधी तिच्या पायाखाली दगड आणावा लागला. मग वाहत येणारं बाभळीचं झाड. मग त्या झाडाचे काटे, कारण बाभळीला काटे नसले तर आमच्याकडचं कुणी विश्वास ठेवत नाही. कोकरू तिच्या खांद्यावर होतं, ते सोडून दे म्हणावं तर ती सोडेना.

“कुठवर आली?” कोंडाबाईनं विचारलं.

“झाडाला धरलंय.”

“कोकरू?”

“खांद्यावर हाय.”

“बरं हाय. सोडू नको म्हणावं.”

ऊन पत्र्यावरून उतरलं. बांडी उठून उभी राहिली, पुन्हा बसली. पाटीनं दुसऱ्यांदा दूध ओढलं. मी खाली मान घालून लिहीत होते. गिरजानं काठाचा चिखल धरला, एक गुडघा वर टेकला. एक वाक्य राहिलं होतं. ते मी निम्मं लिहिलं होतं, तेवढ्यात बांडी पुन्हा उठली, पाठ वाकवली आणि मागून ओलं काहीतरी जमिनीवर पडल्याचा आवाज झाला.

“पडली,” कोंडाबाई म्हणाली.

मी जाऊन बघितलं. पुरी पडली होती, आत काही राहिलं नव्हतं. बांडीनं पहिल्यांदा गूळपाण्याच्या घमेल्याकडं तोंड नेलं.

“झालं का?” कोंडाबाईनं विचारलं.

“निम्मं वाक्य राहिलं.”

“निम्मंच?”

“निम्मंच.”

तिनं पाटीच्या पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, सोडेल.

“मग पाट माजी,” ती म्हणाली.

सोडली असती तर मीच तिला नावं ठेवली असती. पाट दूध सुटेपर्यंत बांडीजवळ राहिली, मग ती कोंडाबाईनं नेली. डॉक्टरीणबाई त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत येऊन गेल्या, बांडीला सुई दिली, करडू लांब पुरायला सांगितलं. राहिलेलं वाक्य मी त्या गेल्यावर पुरं केलं. त्याला फार काही लागलं नाही.

पुस्तक छापून आलं. बाजारच्या दिवशी दाढीवाला म्हातारा फाट्यावर आला. विचारलं, “रडू येतं का?” मी म्हणाले, मला ठाऊक न्हाई, वाचून बघा. पुढच्या बाजारला तो पुस्तक घेऊन परत आला.

“शेवटी कुणीच मेलं न्हाई?”

“करडू मेलं.”

“पुस्तकात तं न्हाई.”

“न्हाई. पुस्तकात न्हाई.”

त्यानं पुस्तक परत दिलं नाही. खिशात घालून एसटीत चढला.

बांडी आता व्यायची नाही. दावणीला बसून रवंथ करते आणि माझ्याकडं काम नसलेल्या माणसासारखं बघते. माझी पुढची तारीख कोंडाबाईच्या दारात बांधलेली आहे. ती पाट आता मोठी झाली, कपाळाचा टिक्काही मोठा झाला. मी रोज तिकडं चक्कर मारते.

“माजावर आली का गं, बाई?”

“सांगते की.”

“कधी?”

“तुला काय घाई? स्वतंत्र हायस नं तू?”

हा लेख कधी द्यायचा ती तारीख संपादकांनी दिली. दुसऱ्यानं दिलेली तारीख पाळणं किती सोपं असतं, ते मला या वयात कळलं.

त्या दुपारी बांडीचं पहिलं करडू मेलं. बांडी जगली, पाट जगली आणि गिरजा जगली.